देवळातलं मापट

सोलापूरहून निघताना नवऱ्याने विचारलं, "कर्जतला नेमकं काय बघायला चाललीस?"

"लग्नं," मी म्हटलं.

त्याने वर्तमानपत्रातून मानही वर काढली नाही. मग मी नीट सांगितलं. एका विद्यापीठाने आपली कॉलेजं आणि गावोगावची मंडळं यांच्या जोड्या जुळवून दिल्या आहेत. विद्यार्थी गावात जातात, गाव त्यांना चार गोष्टी शिकवतं, ते गावाचं एखादं काम करतात. आता त्यातल्या खऱ्या जोड्यांना विद्यापीठ रीतसर मान्यता देणार आहे. ज्यांना ती मिळेल त्यांचं काम पुढे चालू राहील, बाकीच्यांची जागा दुसऱ्या गावांना जाईल. कुठला संसार खरा आणि कुठला नुसता फोटोपुरता, हे बघायला बाहेरचं माणूस हवं होतं. मी समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, त्यात सोलापूरची, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पुरेशी बाहेरची.

"आणि मोडलेला संसार दिसला तर?"

"तर तसं लिहायचं."

"म्हणजे लोकांच्या घरात भांडणं लावायला चाललीस," तो म्हणाला आणि शेंगाचटणीचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

रात्रीच्या गाडीने पहाटे लोणावळा सोडलं. आमच्या सोलापूरकडे नजर टाकली की ती थेट आभाळाला जाऊन टेकते, मध्ये अडवायला काही नाही. इथे डोंगर खिडकीला खेटून चालतो आणि बोगद्यात शिरलं की कानात दडे बसतात. पौष महिना होता. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसते खुंट उरलेले, आणि त्या खुंटांमधूनच वालाचे हिरवे वेल वर आलेले. भात निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर इथे वाल टाकतात. आमच्याकडे पौषात एवढं हिरवं दिसायला विहिरीला पाणी लागतं, त्यामुळे मी जरा हेव्यानेच बघत राहिले.

कर्जतच्या फलाटावर स्वाती मला घ्यायला आली होती. तिथल्या कॉलेजात ती भूगोल शिकवते. वय तिशीचं, बोलणं भराभर, चालणं त्याहून भराभर. तिचं घर पिढ्यान् पिढ्या कर्जतच्या बाजारपेठेत आहे. आजोबा वकील, वडील शाळेत मास्तर, त्यामुळे स्टेशन ते घर एवढ्या अंतरात तिला सात-आठ जणांनी थांबवलं आणि प्रत्येकाला तिने मी कोण ते सांगितलं. घरी पोचेपर्यंत मी सोलापूरच्या परीक्षक बाईंची दिल्लीहून आलेली अधिकारी झाले होते. तिच्या आईने गरम वडे पुढे ठेवले. कर्जतचा वडा मी ऐकून होते. सोबत आमची शेंगाचटणी काढली, तेव्हा स्वातीच्या वडिलांनी वडा बाजूला ठेवून नुसती चटणीच खाल्ली, याचा मला अजून अभिमान आहे.

माझ्या वाट्याला दोन जोड्या होत्या. सकाळी खालापूरची, दुपारनंतर स्वातीची. स्वातीचं गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. "तुम्ही खालापूर उरकून या," ती म्हणाली, "मग आपण निघू."

खालापूरला एका तरुण मंडळाने हॉल घेतला होता. दारात भला मोठा फलक, त्यावर माझा फोटो. तो कुठून मिळवला कोण जाणे, मी त्यात बारा-पंधरा वर्षांनी तरुण होते. आत गेल्या गेल्या शाल आणि नारळ. मग मंडळाच्या अध्यक्षांना शाल आणि नारळ. मग जोडीदार कॉलेजच्या प्राध्यापकांना. मग ज्यांनी शाली वाटल्या त्यांना. महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज त्या सगळ्यावर सतत चालू होता. पडद्यावर चित्रं दाखवली गेली, त्यात ओल्या कचऱ्यापासून खत करण्याची शेड होती आणि शेडपुढे हसणारे विद्यार्थी. मी म्हटलं, "छान आहे, आता शेड बघू या." सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेड जवळच होती. दाराला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते बाहेरगावी गेले होते. मी फटीतून डोकावले तर आत फलकाच्या लाकडी चौकटी रचून ठेवलेल्या दिसल्या, आधीच्या कार्यक्रमांच्या असाव्यात.

तिथून बाहेर पडून एका छोट्या खाणावळीत जेवले. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून, साल काढून केलेली वालाची उसळ). ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी पहिल्यांदा खोटी वाटते, इतकी ती पांढरी आणि मऊ. पण बिरड्यासोबत ती अशी जमली की मी आणखी एक मागितली. खाणावळवालीने माझ्या हातातल्या नारळाकडे बघितलं.

"सत्कार झाला वाटतं?"

"झाला."

"मंग नारळ मला द्या. तुमी काय करनार वझं वागवून?" मी दिला. दुसऱ्या भाकरीचे पैसे तिने घेतले नाहीत.

दुपारी स्वातीबरोबर कशेळ्याची जीप धरली. आमच्याकडे याला वडाप म्हणतात, इथे नुसती जीप. जितकी माणसं बसतील त्याहून जरा जास्त बसली की ती सुटते. वाटेत स्वातीने मला तिच्या कामाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिचा वेग आपोआप कमी झाला.

गाव डोंगराला पाठ लावून बसलेलं आहे. मुसळधार पावसात माती सुटते. मागे या भागात काय काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय, ते तिने वेगळं सांगितलं नाही. तिच्या कॉलेजने गावाला एक पर्जन्यमापक दिला. साधाच, वर नरसाळं, खाली काचेचं उभं भांडं, भांड्यावर लाल रेघ. पाणी लाल रेघेला लागलं की देवळाची घंटा वाजवायची आणि उताराखालच्या घरांनी शाळेत जाऊन बसायचं. पावसाळा सरला की कॉलेजची आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाची मुलं येतात, उतारावरच्या भेगा मोजतात आणि पुढच्या पावसात कुठलं घर धोक्यात आहे ते गावाला सांगतात.

"मान्यता मिळाली तर ही पाहणी दर वर्षी होईल," स्वाती म्हणाली. "नाही मिळाली तर ती मुलं दुसऱ्या तालुक्यात जातील. मग डोंगर बघणारं कुणी उरत नाही."

"आणि नोंदी?" मी विचारलं. विद्यापीठाची मुख्य अट तीच होती. गावाने ठेवायच्या नोंदी अखंड हव्यात, मध्ये खंड नको.

"तुम्ही गावातच विचारा," ती म्हणाली आणि जीपवाल्याला भाडं द्यायला वाकली.

कशेळ्याला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाजार भरात होता, सुक्या मासळीचा वास, भाजीचे ढीग, वरच्या वाड्यांतून आलेली माणसं ओझी उतरवून टेकलेली. चांभार कुठे दिसेना, म्हणून मी हिरव्या रंगाची प्लॅस्टिकची चप्पल घेतली. ती घालून पुढच्या जीपमधून उतरले आणि बांधावरून चालताना पहिल्याच वळणावर घसरून थेट वालाच्या शेतात बसले. स्वातीने हात दिला. शेतातल्या बाईने लांबूनच ओरडून विचारलं, "लागलं का गं?" आणि मी नाही म्हटल्यावर, "मंग शेंगांवरनं उठ." मी उठले.

गाव लहान, कौलारू आणि स्लॅबची घरं मिसळलेली, मागे डोंगर उभा. डोंगराच्या अंगावर एका ठिकाणी तांबड्या मातीचा ओरखडा होता, आजूबाजूला वाळलेलं गवत आणि तिथे काहीच नाही. "हे कधीचं?" मी विचारलं. "मागच्या पावसातलं," स्वाती म्हणाली आणि चालण्याचा वेग वाढवला.

देवळापुढे ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष दामूअण्णा उभे होते. अंगात स्वेटर, गळ्यात गमछा, सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्याजवळ नितीन, मंडळाचा सचिव, ठाण्याच्या एका कंपनीत नोकरीला. माझ्यासाठी त्याने रजा घेतली होती. हातात शाल-नारळ दिसले नाहीत म्हणून मी मनातल्या मनात या गावाला काही गुण दिले.

पर्जन्यमापक चार पायऱ्या चढून गेल्यावर देवळाच्या अंगणात होता, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, चौथऱ्यावर. चौथरा शेणाने सारवलेला आणि पुढे दोन जास्वंदीची फुलं.

"हे आमचं मापट," दामूअण्णा म्हणाले. धान्य मोजायच्या मापाचंच नाव गावाने त्याला देऊन टाकलं होतं.

"देवळात का बसवलं?"

"आदी शाळंत व्हतं, वऱ्हांड्यात. कोन बघनार? आज तू बघ, उद्या मी बघतो, असं करता करता कोनीच बघीना. पोरांनी त्यात फुलं लावली." ते हसले. "मंग बसलो इचार करत. आपल्या गावात कंदी चुकत नाय असं काम कोनतं? देवाचा दिवा. मंग मापट दिव्याला जोडलं."

दिव्याची रीत त्यांनी समजावून सांगितली. देवापुढचा दिवा रोज एकेका घराने लावायचा. तेलाची पितळी किटली आज ज्या घरात, दिवा त्या घरावर. सकाळी ती किटली शेजारच्या घरी पोचवायची. कामावर जाणारा असो की म्हातारी एकटी असो, दिवा कुणी चुकवत नाही. मापट जोडल्यापासून ज्याच्या घरावर दिवा, त्याने पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ मापट बघायचं, लाल रेघ बघायची आणि किती पाणी भरलं ते नितीनला फोनवर कळवायचं. नितीन ते ठाण्यातून कॉलेजला पाठवतो. मी विद्यापीठात आयुष्य काढलं, पण समित्या नेमून जे जमत नाही ते या लोकांनी एका किटलीने जमवलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. दामूअण्णांनी स्वातीकडे बघितलं, स्वातीने मापटाकडे.

उन्हं कलली तशी सगळे शेतात गेले. माझ्यासाठी पोपटी लावली होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला (उग्र वासाचं एक रानटी झुडूप, पाला खायचा नाही, वासापुरता) अंथरून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा घालायचा, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि वरून गवत-गोवऱ्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. मडकं उतरवलं तेव्हा जो वास आला तो मला सांगता यायचा नाही. शेंग दाताने सोलायची, दाणे खायचे, साल मागे टाकायचं. माझ्या शेजारी हिराकाकू बसल्या होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, कपाळ मोकळं. त्यांच्याच घरी माझा मुक्काम होता. त्या मला निवडून निवडून भरलेल्या शेंगा देत होत्या.

"खा गं. तुमच्याकडं असलं नाय ना?"

"नाही."

"मंग काय उपेग सोलापूरचा?"

मी शेंगाचटणीचा डबा काढला. त्यांनी चव घेतली, पुन्हा घेतली, आणि सोलापूरला माफ केलं.

दिवेलागणीला सगळे देवळाच्या सभामंडपात जमले. त्या दिवशी दिवा दामूअण्णांच्या घरावर होता. त्यांनी किटलीने तेल घातलं, वात लावली, हात जोडले आणि माझ्यासमोर येऊन बसले. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, हिराकाकू खांबाला टेकून. मी माझे प्रश्न विचारत गेले आणि ते सरळ उत्तरं देत गेले. मग मी विचारलं, "कधी खंड पडला का?"

स्वातीने मान खाली घातली. माझ्या ते लक्षात आलं.

"पडला," दामूअण्णा म्हणाले.

"कधी?"

"मागच्या भादव्यात. हिराचा म्हातारा गेला तवा."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न झाकता. गाव एकाच भावकीचं आहे. एका घरात माणूस गेलं की सुतक सगळ्या गावाला. सुतकात देवळाची पायरी कुणी चढत नाही. दिव्यासाठी शेजारच्या गावचा गुरव येतो, ती जुनी सोय आहे. त्याही वेळी तो रोज आला, दिवा लावून गेला. पण मापट बघायचं असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि ते त्याचं कामही नव्हतं. सुतक फिटेपर्यंत मापटाला कुणाचा हात लागला नाही. त्याच दिवसांत पाऊस लागून राहिला. दहाव्याच्या आदल्या दिवशी भरदुपारी डोंगराचा तो तुकडा सुटला आणि हिराकाकूंचा गोठा घेऊन गेला. म्हशी चरायला होत्या, काकू पुढच्या अंगणात होत्या, म्हणून निभावलं.

"मापट भरून वाहत होतं," नितीन म्हणाला. "रस्त्यावरून दिसायचं."

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "दिसत होतं? भांडं डोळ्यांसमोर भरलेलं, लाल रेघ बुडालेली, आणि अख्ख्या गावात चार पायऱ्या चढायला कुणी नाही?"

नितीनने तोंड उघडलं. "मॅडम, मी रोज ठाण्याला जातो, संगणकावर काम करतो, मला सगळं कळतं. तरी पाय उचलला नाही. आणि खरं सांगू? हे देवाचं नाही, कॉलेजचं आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही ते देवाचंच धरलेलं."

ज्या कारणामुळे हे काम इतकं चोख चाललं होतं, त्याच कारणाने ते बंद पडलं होतं. तरी मी बाहेरच्या माणसाला सुचतं तेच सुचवलं. मापट देवळाबाहेर काढा, सुतकाचा प्रश्नच मिटेल.

"मंग त्याची पुन्ना फुलदानी हुईल," दामूअण्णा म्हणाले. दोघं-तिघं हसले, पण ते खरंच होतं.

मी विद्यापीठाची अट सांगितली. खंड पडला असेल तर मान्यतेची शिफारस करणं मला अवघड आहे, हेही सांगितलं. खोटं मी लिहिणार नव्हते आणि गोड बोलून त्यांना झुलवत ठेवायचं नव्हतं.

"म्हंजे डोंगर बघायला पोरं येनार नाय?" दामूअण्णांनी विचारलं.

"कदाचित नाही."

स्वाती काही बोलायला गेली आणि थांबली.

मग खांबाला टेकलेल्या हिराकाकू बोलल्या. माझ्याशी नाही, दामूअण्णांशी.

"भावजी, सुतक कोनाला लागतं?"

"घरच्याला. भावकीला."

"कालेजाला लागतं का?"

"त्यांना कसं लागंल?"

"मंग कालेजाला एक घर धरा. आपल्याला सुतक पडलं, बाळंतपनाचं सोयर पडलं, का मापट त्यांच्या घरावर. गुरव दिवा लावंल, ते मापट बघतील. त्यांनी येऊन ऱ्हायाचं, सुतक फिटंस्तवर."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पन देवळात कोन पोरं येतील, कोनाची असतील..."

हिराकाकू वळल्या. "जो येल तो त्या दिवशी आपल्या गावचा. इचारायचं नाय. माझा गोठा नेताना डोंगरानं इचारलं व्हतं का रं कोनाला?"

म्हाताऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पटलं का ते मला कळलं नाही, पण पुन्हा बोलले नाहीत. दामूअण्णांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाही म्हटलं नाही. गावात यालाच ठरलं म्हणतात, हे मला नितीनने नंतर सांगितलं.

"बाई," दामूअण्णा स्वातीला म्हणाले, "घ्याल का घर?"

सगळे स्वातीकडे बघू लागले आणि मीही. आता भीती मला वाटत होती. पावसाळ्यात कॉलेजात परीक्षा असतात, कशेळ्यापुढे जीप मिळेलच असं नाही, पालक मुलींना पाठवतीलच असं नाही. आणि एकदा घर धरलं की चुकवायचं नाही. स्वातीने तेच सगळे प्रश्न एकेक करून विचारले. निरोप कोण देईल? नितीन देईल. मुली कुठे राहतील?

"माझ्या घरी," हिराकाकू म्हणाल्या. "डोंगराकडची खोली सोडून."

स्वाती म्हणाली, "मुलं मिळाली तर मुलं येतील. नाही मिळाली तर मी येईन. घेतलं घर."

"असं नुसतं तोंडानं नाय," दामूअण्णा उठले. नवं घर धरलं की त्या घराच्या माणसाने एकदा दिव्यात तेल घालायचं असतं. त्यांनी किटली स्वातीच्या हातात दिली. तिने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन तेल घातलं. थोडं बाहेर सांडलं. एका बाईने ते पदराने पुसलं.

मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला मी बाहेरची परीक्षक म्हणून थाटात आले होते, आणि इथे माझ्यादेखत गावाने विद्यापीठाला आपल्यात घेऊन टाकलं होतं. परीक्षकाने रडायचं नसतं, म्हणून मी चष्मा पुसला.

सकाळी हिराकाकूंनी गवती चहाचा काढा दिला आणि मला मागच्या अंगणात नेलं. गोठ्याची जागा रिकामी होती. माती ओढून सपाट केली होती, म्हशी आता शेजारच्यांच्या गोठ्यात बांधत होत्या.

"मापट म्हाताऱ्यानंच बसवलं, पोरांच्या बरोबर," त्या म्हणाल्या. "चौथरा त्यानं बांधला. त्याच्याच सुतकात ते पडून ऱ्हायलं. असता तर शिव्या घातल्या असत्या आमाला सगळ्यांना." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते तसेच वाहू दिले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. चहा निवला.

परतीच्या जीपमध्ये मी स्वातीला धारेवर धरलं. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कर्जतमधूनच परत गेला असता."

तसं झालंही असतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. वालाच्या शेतांत बाया शेंगा तोडत होत्या. कर्जतला तिच्या वडिलांनी वड्यांची पुडी हातात दिली, आणि सोलापूरला पोचेपर्यंत ती गार आणि तेलकट होऊनही नवऱ्याने एकट्याने संपवली.

अहवालात मी सगळं लिहिलं. खालापूरच्या शेडचं कुलूप लिहिलं. स्वातीच्या गावातला खंड लिहिला, का पडला ते लिहिलं, गोठा लिहिला आणि गावाने त्यावर काढलेली तोड लिहिली. शेवटी लिहिलं की ही जोडी माझ्या बघण्यात आलेली सर्वांत खरी आहे आणि विद्यापीठाने अट बदलावी. समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, "कॉलेजला घर धरलं म्हणजे नेमकं काय? नियमात हे बसवायचं कुठे?" मी मला जमेल तसं सांगितलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक त्यापुढच्यावर गेली. माझा नवरा म्हणाला, "भांडण लावून आलीस की नाही?"

उन्हाळा गेला. आषाढात एका सकाळी स्वातीचा फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न, लोकांची आरडाओरड आणि पावसाचा आवाज.

"मॅडम, मी कशेळ्याला आहे. जीप भरतेय. बरोबर चार मुलं आहेत."

"कोण गेलं गं?"

"गेलं कुणी नाही. नितीनदादांना मुलगी झाली काल. अख्ख्या गावाला सोयर आहे."

मी खाली बसले आणि हसायला लागले. मग विचारलं, "विद्यापीठाचं पत्र आलं का?"

"नाही अजून," ती म्हणाली. "हिराकाकूंचा मात्र सकाळी सहालाच फोन. म्हणाल्या, मापट तुमच्या घरावर आलंय गं, लवकर या, पाऊस लय हाय."